कोरडं फडकं

मालिकेचा चौथा भाग, सातवा प्रसंग.
ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदीमागच्या गल्लीत,
ब्लँचर्डबाईंनी वरची खोली
दिवसाला ऐंशी पौंडांनी आम्हाला दिली आहे.
खोली खरी हवी होती, ती खरी आहे.
त्या खोलीत राहणाराही खरा आहे,
म्हणून त्याला जिन्यात उभं केलंय.

कीरन. एकतिसावं चालू.
अकरा वर्षांत दाताच्या डॉक्टरकडे दोनदा,
आणि पार्सल आलं की दारापर्यंत,
असं त्याची आई मेकअपवाल्या पोरीला सांगत होती,
विसरून चहात पुन्हा दूध ओतत.

सकाळी कलाविभागाला
खोली पुरेशी एकटी वाटली नाही.
पोस्टरांचे कोपरे उचकटले,
नूडल्सचे रिकामे कप पसरले.
(तो नूडल्स खात नाही. उकडलेली अंडी खातो
आणि बशी लगेच विसळून ठेवतो.)
फडताळात ओळीनं त्याच्या मूर्ती:
तलवारवाल्या, पंखवाल्या, एक निळ्या केसांची,
जिचा बूट तुटून पुन्हा चिकटवलेला.
दोन नंबरच्या ब्रशनं तो त्या रोज झाडतो.
आम्ही त्यांच्यावर धूळ भुरभुरवली.
डब्यावरचं नाव इंग्रजी, पण झाकण उघडताच
नाकानं आधी ओळखलं:
मुलतानी माती.
दर रविवारी आईच्या चेहऱ्यावर सुकत जायची ती.
"हसवू नकोस गं, तडे जातील."

नट लंडनचा. गुणी पोरगा.
तीन आठवडे फोन बंद ठेवून आलाय, एकटेपण शिकायला.
पाचव्या टेकला छान रडला.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
जिन्यातूनही एक,
जरा उशिरा.

मग माझं काम.
मी हात वर केला, सगळे जागच्या जागी थिजले.
अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करायची असते,
संवादांमधल्या भोकांना ठिगळ लावायला.
एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही,
लगेच शिवण दिसते.

हेडफोनमध्ये खालचा फ्रीज. कौलांवर सीगलची नखं.
कुणाचं तरी पोट. नळात अडकलेली हवा.
आणि दाराच्या फटीतून
पुटपुट.

पडद्यावर, प्रसंगापुरती, आवाज बंद करून
निळ्या केसांची ती बोलत होती.
ती काय म्हणते ते आमच्यापैकी कुणालाच
ठाऊक नव्हतं, गरजही नव्हती.
जिन्यातून तो तिला तिचे शब्द पुरवत होता,
जपानीत, पडदा न बघता,
तिच्या ओठांच्या नेमक्या वेळेवर.

नियमानं मी म्हणायला हवं होतं,
कुणीतरी बोलतंय, पुन्हा घेऊ.
पण हलमधल्या पहिल्या हिवाळ्यात
मी किटलीला "आले, आले" म्हणायचे,
आणि कुलूप लावताना खोलीला, "येते हं."
बोलणारी मीच, तरी
तेवढंच मराठी कानावर पडायचं.

तीस सेकंद झाले. चाळीस.
दिग्दर्शकानं घड्याळावर बोट आपटलं.
तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

केबली गुंडाळून उतरताना
तो पायरीवर अंग चोरून बसलेला,
नजर माझ्या बुटांवर.
"ती धूळ," म्हणाला, "ओल्या फडक्यानं जाईल?"
नाही, म्हटलं, ओली झाली की धरून बसते.
आधी कोरडं फडकं. मग तुझा ब्रश.
"बुटाच्या सांध्यात गेली असेल."
तिथे फुंकर.

त्यानं मान हलवली, दोनदा,
आणि मला वाट मिळावी म्हणून
उठून भिंतीला चिकटला.
खाली त्याची आई विचारत होती,
सहावा भाग कधी करणार,
आणि त्यात खोली लागेल का.